संगीताबरोबर हलणारी दृश्ये : आकार नुसते थरथरू नयेत यासाठी काय करावे?

मंद्र_षड्ज

संगीताला प्रतिसाद देणारी दृश्ये संगणकावर रचू पाहणाऱ्यांसाठी हा धागा काढत आहे. विषय तसा जुना आहे. अर्न्स्ट क्लाडनी याने १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पातळ पत्र्यावर वाळू पसरून आणि त्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवून मिळणाऱ्या ध्वनीच्या आकृत्या दाखवल्या होत्या. त्या आकृत्यांचा आकार निसर्गनियमांनी ठरवलेला होता. आपल्या पडद्यावर मात्र कोणत्या स्वराने काय हलावे हे सर्वस्वी आपणच ठरवतो, आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच सुरू होते.

बहुतेकांची पहिली रचना सारखीच असते. ध्वनीची क्षणाक्षणाची तीव्रता मोजायची आणि तो आकडा थेट एखाद्या वर्तुळाच्या त्रिज्येला जोडायचा. वर्तुळ गाण्याबरोबर लहानमोठे होते, थोडा वेळ बरेही वाटते. पण लवकरच लक्षात येते की ते गाण्यातल्या कोणत्याही गोष्टीला उत्तर देत नाही, सतत थरथरते आहे इतकेच. याचे कारण ध्वनिमुद्रणातच असते. आजच्या बहुतेक लोकप्रिय ध्वनिमुद्रणांवर कॉम्प्रेशनची, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करण्याची, प्रक्रिया झालेली असते, त्यामुळे एकूण तीव्रता कडव्यापासून धृपदापर्यंत जवळपास सपाट राहते. आपल्या कानाला जो फरक जाणवतो तो एकूण तीव्रतेत नसून ती ऊर्जा कोणत्या वारंवारतेत आहे आणि ती नव्याने केव्हा उसळली यात असतो. म्हणून सर्वप्रथम ध्वनीचे वारंवारतेनुसार विभाजन करावे लागते.

त्यासाठी एफएफटी (फास्ट फूरियर ट्रान्सफॉर्म, म्हणजे ध्वनीत कोणत्या वारंवारता किती आहेत हे काढणारी गणनपद्धत) वापरतात हे येथील अनेकांना ठाऊक असेल, पण त्यातले आकडे नीट समजून घेतल्याशिवाय पुढची रचना जमत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने असलेल्या ध्वनीचे २,०४८ नमुन्यांचे तुकडे घेतले, तर वारंवारतेचे १,०२४ खाने मिळतात आणि प्रत्येक खाना सुमारे २१.५ हर्ट्झ रुंद असतो. हे खाने समान रुंदीचे असतात. आपला कान मात्र सप्तकांच्या हिशेबाने ऐकतो, म्हणजे वारंवारता दुप्पट झाली की एक सप्तक वर गेल्याचे जाणवते. परिणामी १,०२४ पैकी वरचे ५१२ खाने ११,०२५ हर्ट्झच्या वरच्या एकाच सप्तकाने व्यापलेले असतात, जेथे फारसे संगीत नसते. आणि बेस ड्रमचा मुख्य ठोसा जेथे असतो त्या साधारण ४० ते ११० हर्ट्झच्या पट्ट्याच्या वाट्याला जेमतेम चार खाने येतात. सगळे खाने ओळीने उभ्या काठ्यांसारखे काढले की डाव्या कोपऱ्यात गर्दी आणि उजवीकडे ओसाड मैदान दिसते ते यामुळेच. खाने लॉगरिदमिक पद्धतीने, सप्तकागणिक दोन किंवा तीन, असे एकत्र बांधले की चित्र कानाच्या जवळ येते. दृश्य चालवण्यासाठी त्याहूनही कमी, चार ते सहा पट्टे पुरतात. पट्टे वाढवले म्हणून प्रतिसाद अधिक बारकाईचा होत नाही, फक्त अधिक गोंगाटाचा होतो.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येक पट्ट्याचे मूल्य त्याच पट्ट्याच्या अलीकडच्या सरासरीशी ताडून पाहणे. २००१ साली आलेल्या मिल्कड्रॉप या, विनॲम्प या संगीत वाजवणाऱ्या कार्यक्रमासाठीच्या, दृश्ये काढणाऱ्या प्लगइनमध्ये ही कल्पना अत्यंत सुबकपणे वापरलेली आहे. तेथे बेसचे मूल्य १ असणे म्हणजे ‘या गाण्याच्या मानाने नेहमीइतका बेस’, ०.७ म्हणजे कमी आणि १.३ म्हणजे जास्त. असे केल्याने गाणे हळू आवाजात मुद्रित झालेले असो वा मोठ्या, दृश्याची सूत्रे बदलावी लागत नाहीत. मात्र एक पथ्य आवश्यक आहे. सरासरीला किमान मर्यादा घालावी, अन्यथा दोन गाण्यांमधल्या शांततेत अगदी क्षीण खरखरसुद्धा सरासरीच्या कित्येक पट ठरते आणि पडदा विनाकारण पेटून उठतो.

या पद्धतीचा तोटाही सांगितला पाहिजे. सरासरीशी ताडल्यामुळे गाण्याची हलकी सुरुवात आणि भरगच्च शेवट पडद्यावर सारखेच दिसू लागतात, म्हणजे गाण्याचा चढता आलेखच पुसला जातो. म्हणून मी दोन वेगळी मूल्ये ठेवतो. एक सरासरीशी ताडलेले, क्षणिक घटनांसाठी. दुसरे निरपेक्ष पण अतिशय संथ, दहा-पंधरा सेकंदांवर पसरलेले, जे आकारांची दाटी, पार्श्वभूमीचा उजेड, कॅमेऱ्याचे अंतर अशा गोष्टी ठरवते.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. संगीताने आकाराचे स्थान ठरवू नये. संगीताने आकाराला धक्का द्यावा. झोक्यावर बसलेल्याला आपण धक्का देतो, पण झोका कोठवर जाईल आणि परत कसा येईल हे त्याची लांबी आणि वजन ठरवते. पाहणाऱ्याला त्या हालचालीत जिवंतपणा वाटतो तो त्या स्वतःच्या गतीमुळे. म्हणून प्रत्येक आकाराला स्थान आणि वेग अशी दोन मूल्ये द्यावीत, त्याला मूळ जागी ओढणारी स्प्रिंग लावावी, थोडा अवरोध ठेवावा, आणि ठोका आला की फक्त वेगात भर घालावी. वस्तुमान १ धरले तर स्प्रिंगचा स्थिरांक आणि आंदोलनाचा काळ यांचे नाते सरळ आहे : अर्ध्या सेकंदाच्या आंदोलनासाठी स्थिरांक सुमारे १५८ येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधले अंतर नेमके अर्धा सेकंद असल्याने, अशी स्प्रिंग गाण्याबरोबर हळूहळू भरून येते आणि ठेका थांबला की आपणहून विसावते. तेवढ्यासाठी एकही जादा ओळ लिहावी लागत नाही. गणन करताना आधी वेग बदलावा आणि मग त्या नव्या वेगाने स्थान बदलावे. दोन्ही जुन्याच मूल्यांवरून बदलल्यास ताठ स्प्रिंग अनावर होऊन आकार पडद्याबाहेर फेकला जातो.

मला येथील जाणकारांकडून दोन गोष्टींवर विचार हवे आहेत. पहिली, ठोका आला हे नेमके कसे ओळखता? दुसरी, जेथे ठोकाच नाही, उदाहरणार्थ आलाप किंवा ऑर्गनवरचे दीर्घ स्वर, तेथे दृश्य कशाला बांधता?

---

छायाप्रकाश

धागा आवडला. धक्क्याच्या कल्पनेशी मी पूर्ण सहमत आहे. ठोक्याच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण ती न कळल्यामुळे एकाच दृश्याची दोन संगणकांवर दोन रूपे दिसतात.

ब्राउझरमध्ये काम करणारे बहुतेक जण वेब ऑडिओचा (ब्राउझरमधल्या ध्वनीच्या सोयीचा) ॲनालायझर नोड, म्हणजे ध्वनीचे विश्लेषण करणारा भाग, वापरतात. त्यात मूल्ये मऊ करण्याचा एक स्थिरांक असतो, ज्याची आपण न बदलल्यास असणारी किंमत ०.८ आहे. याचा अर्थ प्रत्येक वेळी जुन्या मूल्याचे ८० टक्के आणि नव्याचे २० टक्के घेतले जातात. येथे ‘प्रत्येक वेळी’ म्हणजे आपण मूल्ये मागतो त्या प्रत्येक वेळी. सेकंदाला ६० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर या ०.८ चा परिणाम सुमारे ७५ मिलिसेकंदांच्या कालस्थिरांकाइतका (म्हणजे जुने मूल्य ओसरायला लागणाऱ्या वेळाच्या मापाइतका) होतो. तोच कार्यक्रम १४४ हर्ट्झच्या पडद्यावर चालवला तर तो ३१ मिलिसेकंदांवर येतो. म्हणजे महागड्या पडद्यावर दृश्य अधिक झटके देऊ लागते आणि दोष कोठे आहे हे कळत नाही.

उपाय असा की तो स्थिरांक शून्य करावा आणि मऊपणा स्वतः आणावा. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजावे, त्याला आपल्याला हव्या असलेल्या कालस्थिरांकाने भागून त्या भागाकाराची ऋण घातांकी किंमत (e चा उणे भागाकाराइतका घात) काढावी आणि ती जुन्या मूल्याचा वाटा म्हणून वापरावी. असे केल्याने फ्रेम मागेपुढे झाल्या तरी उतार तोच राहतो. शिवाय चढ आणि उतार यांना वेगळे कालस्थिरांक देता येतात, जे अत्यावश्यक आहे. चढ जवळजवळ तत्काळ असावा, उतार सावकाश. १२० च्या लयीत उताराला १५० मिलिसेकंद दिले तर पुढच्या ठोक्यापर्यंत मागचा जोर ४ टक्क्यांच्याही खाली येतो आणि प्रत्येक ठोका सुटा दिसतो. ४०० दिले तर जवळपास २९ टक्के शिल्लक राहतो आणि हालचाल एकात एक मिसळते. दोन्ही परिणाम उपयोगी आहेत, पण कोणता हवा हे लयीकडे पाहून ठरवावे.

आणखी एक. बाइटच्या स्वरूपात मिळणारी मूल्ये उणे १०० ते उणे ३० डेसिबल एवढाच पल्ला ० ते २५५ मध्ये बसवतात. मोठ्या आवाजात मुद्रित झालेल्या गाण्याचा बेस सहज उणे ३० च्या वर जातो आणि मूल्य २५५ ला अडकून बसते. मग ठोका आला काय आणि गेला काय, आकडा हलत नाही. दशांश मूल्ये घ्यावीत किंवा वरची मर्यादा वाढवावी.

---

तिहाई

ठोका ओळखण्याविषयी लिहितो.

बेसचा पट्टा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की ठोका मानायचा, ही पद्धत ठोकळ नृत्यसंगीतात चालते आणि इतरत्र फसते. तबल्याचेच उदाहरण घ्या. डग्ग्यावर ‘घे’ वाजवून मनगटाने दाब दिला की आस लांबते आणि स्वर वर सरकत जातो. ऊर्जा बराच काळ वरच राहते, त्यामुळे त्या काळात पडलेला पुढचा आघात मर्यादेच्या आधीच वर असलेल्या मूल्यात बुडून जातो. बेस गिटारचा दीर्घ स्वर चालू असताना बेस ड्रम वाजला तरी नेमके हेच घडते.

म्हणून ऊर्जा किती आहे यापेक्षा ती किती वाढली हे मोजावे. या मापाला स्पेक्ट्रल फ्लक्स म्हणतात. प्रत्येक खान्याचे लॉगरिदमिक मूल्य मागच्या तुकड्यातल्या मूल्याशी ताडायचे, वाढ झाली असेल तर ती जमा करायची, घट झाली असेल तर सोडून द्यायची. घट सोडून देणे हाच यातला कळीचा भाग आहे, कारण स्वर विरताना होणारा बदल आघात नसतो. मिळालेल्या बेरजेला स्थिर मर्यादा लावू नये. गेल्या एक-दीड सेकंदातल्या मूल्यांची मध्यिका काढून तिच्यावर थोडे अंतर ठेवून मर्यादा आखावी, आणि एकदा आघात धरला की पुढचे ८० ते १०० मिलिसेकंद दुसरा धरू नये. फ्लक्स पट्ट्यांनुसार वेगवेगळा काढला तर आणखी गंमत करता येते. खालच्या पट्ट्यात एकटाच आघात आला तर तो डग्गा, वरच्या पट्ट्यात एकटाच आला तर ‘ना’ किंवा ‘ती’, दोन्हीकडे एकदम आला तर बहुधा ‘धा’. हे ओळखणे अचूक नसते, पण दोन प्रकारच्या आकारांना दोन प्रकारचे धक्के देण्यासाठी पुरेसे असते.

आघात आणि ठेक्याचा ठोका या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धाग्यात त्या एकाच नावाने आल्या आहेत. आघात म्हणजे काहीतरी वाजले. ठोका म्हणजे ऐकणारा पाय जेथे टाकतो ती जागा, जेथे कधीकधी काहीच वाजत नाही. ठोका शोधण्यासाठी फ्लक्सचा काही सेकंदांचा आलेख स्वतःशीच सरकवून ताडावा लागतो आणि कोणत्या अंतरावर तो स्वतःशी सर्वांत जास्त जुळतो ते पाहावे लागते. यात हमखास होणारी चूक म्हणजे दुप्पट किंवा निम्मी लय सापडणे. दृश्यासाठी ही चूक तितकी घातक नाही, कारण ७० च्या जागी १४० लय धरली तरी आकार गाण्याबरोबरच राहतात. पण लय मध्येच एकीकडून दुसरीकडे उडी मारू लागली तर मात्र पाहवत नाही. सापडलेल्या लयीला चिकटून राहण्याची थोडी जिद्द कार्यक्रमात घालावी.

परंतु माझा खरा आग्रह वेगळाच आहे. गाणे आधीपासून हातात असेल, तर हे सगळे चालू गाण्यावर का करावे? आधी पूर्ण विश्लेषण करून ठेवावे. पुढे काय येणार हे माहीत असल्याने धृपदाच्या आधी दोन सेकंद दृश्य आवरते घेता येते, आणि संगीताला खरा प्रतिसाद म्हणजे तोच. कोणताही नर्तक आघात ऐकून मग उडी मारत नाही.

---

मंद्र_षड्ज

आघात आणि ठोका यांतला भेद आपण स्पष्ट केलात ते फार उपयोगाचे झाले. यापुढे मीही ते शब्द वेगळे वापरीन.

आधी विश्लेषण करून ठेवण्याच्या आग्रहाशी मी अर्धाच सहमत आहे. मुद्रित गाण्याचा व्हिडिओ करायचा असेल तर आपले म्हणणे निर्विवाद आहे. तसे करणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. लिब्रोसा हे पायथनचे ग्रंथालय, वेगळे सांगितले नाही तर, ध्वनी २२,०५० नमुन्यांवर आणते आणि ५१२ नमुन्यांच्या पावलांनी चालते. म्हणजे सेकंदाला सुमारे ४३ मूल्ये मिळतात, आणि ती ६० फ्रेमच्या व्हिडिओला जोडताना क्रमांकाने न जोडता वेळेनुसार मधली किंमत काढून जोडावीत. दुसरे म्हणजे २९.९७ आणि ३० फ्रेम यांतला फरक क्षुल्लक समजू नये : ३० धरून मोजलेल्या फ्रेम २९.९७ ने चालवल्या तर चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी दृश्य जवळपास पाव सेकंद मागे पडलेले असते.

मात्र वादक समोर बसून वाजवत असेल, तर पुढचे माहीत नसते आणि माहीत नसणेच त्या मैफलीचा प्राण असतो. तेथे उशिराचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याविषयी एक महत्त्वाची बाब सांगावीशी वाटते. दूरचित्रवाणीसाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीटी १३५९ या शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या मागे १२५ मिलिसेकंदांपर्यंत राहिला तरी सामान्य प्रेक्षकाला कळत नाही. पण आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच ते खटकते. निसर्गात प्रकाश आधी आणि आवाज नंतर पोचतो, तेव्हा एका बाजूचा उशीर आपल्या सवयीचा असतो. संगीताला उत्तर देणारे दृश्य नेमके उलट्या बाजूला असते. आधी आवाज होतो, मग आपण तो मोजतो, मग चित्र काढतो. म्हणजे आपल्याला मिळालेली सवलत १२५ ची नसून ४५ ची आहे.

हिशेब करून पाहा. २,०४८ नमुन्यांचा तुकडा म्हणजे ४६ मिलिसेकंद. विंडो (तुकड्याच्या कडा मंद करणारे वजन) लावल्यामुळे त्यातल्या मधल्या भागाला सर्वाधिक वजन मिळते, म्हणून मोजलेली गोष्ट साधारण २३ मिलिसेकंद जुनी असते. त्यात एका फ्रेमचे १७ मिलिसेकंद आणि पडद्याचा स्वतःचा उशीर मिळवला की ४५ ची मर्यादा ओलांडलीच. म्हणून आघात शोधण्यासाठी ५१२ नमुन्यांचा वेगळा छोटा तुकडा घ्यावा आणि स्वरांच्या विश्लेषणासाठी वेगळा मोठा. एकाच एफएफटीकडून दोन्ही कामांची अपेक्षा करू नये. घरगुती टीव्हीवर दाखवायचे असेल तर त्याचा गेम मोड लावावा, कारण चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेतच मोठा उशीर होतो.

---

तिहाई

सामोरासमोरच्या मैफलीविषयी मान्य. फक्त एवढे जोडतो की लय स्थिर असेल तर तेथेही पुढचे सांगता येते. लय आणि तिची अवस्था, म्हणजे आत्ता दोन ठोक्यांच्या मध्ये कोठे आहोत हे, एकदा सापडली की पुढचा ठोका कधी पडणार हे आधीच ठाऊक असते, आणि मग चित्र त्याच क्षणी, किंवा पडद्याच्या उशिराइतके आधी, सोडता येते. ठोक्यांना अंदाजाने आणि अचानक येणाऱ्या आघातांना मोजणीने उत्तर द्यावे. अंदाजाचा विश्वास कमी झाला, वादकाने लय सोडली, तर अंदाज ताबडतोब बंद करावा. न आलेल्या ठोक्यावर उडालेला आकार हा चुकलेल्या ठोक्यापेक्षा कितीतरी वाईट दिसतो.

---

छायाप्रकाश

ब्लूटूथचा उल्लेख राहिला. तेथे आवाजच शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा कानी पडतो, त्यामुळे चित्र पुढे धावते. मूल्ये थेट न वापरता रांगेत ठेवून तेवढ्या उशिराने वाचावीत, आणि तो उशीर वापरणाऱ्याला स्वतः जुळवता यावा म्हणून एक सरकपट्टी द्यावी. वेब ऑडिओमध्ये आउटपुट लेटन्सीचा अंदाज मिळतो, पण कानाने जुळवलेले अधिक खात्रीचे.

मोठ्या सभागृहासाठीही हेच लागू आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून स्पीकरपासून १७ मीटर दूर बसलेल्याला तो ५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मायक्रोफोन सभागृहाच्या मागे ठेवून विश्लेषण केले तर हा उशीर विनाकारण आपल्या अंगावर येतो. शक्य असेल तेथे ध्वनिमिश्रकातून थेट तार घ्यावी. मायक्रोफोनच वापरावा लागला तर ब्राउझरकडून ध्वनी मागताना प्रतिध्वनी काढणे, गोंगाट दाबणे आणि आपोआप आवाज वाढवणे या तिन्ही सोयी बंद करून मागाव्यात. त्या बोलण्यासाठी बनवलेल्या आहेत, संगीताला त्या गोंगाट समजतात.

---

बिंदुरेषा

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे ठोका नसलेल्या संगीताला, अजून कोणी हात घातलेला नाही. माझे सगळे काम त्याच प्रकारचे असल्याने जरा विस्ताराने लिहिते.

आलापात आघात जवळजवळ नसतात. असते ती स्वराची वाट. ती पकडण्यासाठी एफएफटीचे खाने फार जाडेभरडे पडतात. ४४० हर्ट्झच्या स्वराच्या पुढचा अर्धस्वर ४६६ वर असतो, म्हणजे फरक २६ हर्ट्झ, २१.५ हर्ट्झच्या खान्यांत तो जेमतेम वेगळा होतो. ११० हर्ट्झवर तोच फरक साडेसहा हर्ट्झ उरतो आणि त्यासाठी किमान ८,१९२ नमुने, म्हणजे १८६ मिलिसेकंदांचा तुकडा लागतो. एवढ्या वेळात मींड संपून जाते. एकट्या गळ्यासाठी किंवा एकट्या वाद्यासाठी म्हणून स्वयंसहसंबंधावर चालणाऱ्या पद्धती वापराव्यात. २००२ साली मांडलेली यिन ही पद्धत त्यांतली सर्वांत परिचित आहे. ती तरंग स्वतःशी किती सरकवला की जुळतो हे पाहते आणि त्यावरून स्वर काढते, त्यामुळे दोन स्वरांमधल्या श्रुतीसुद्धा हाती लागतात. तंबोरा मागे वाजत असेल तर मात्र ती गोंधळते, कारण तिला एका वेळी एकच स्वर अपेक्षित असतो. गायकाचा मायक्रोफोन वेगळा मिळवणे हाच त्यावरचा चांगला उपाय आहे.

मिळालेल्या स्वराचा पाया दोनचा लॉगरिदम घ्यावा आणि त्यातून षड्जाचा लॉगरिदम वजा करावा. असे केले की प्रत्येक सप्तकाला सारखी जागा मिळते आणि कलाकाराने पट्टी बदलली तरी दृश्य तेच राहते. हे मूल्य मी उंचीला जोडत नाही. स्वर वर गेला की बिंदूही वर जाणे हे इतके अपेक्षित असते की पाहणारा लगेच आलेख वाचू लागतो आणि ऐकणे थांबवतो. मी ते वक्रतेला जोडते. रेषा आपल्या वेगाने पुढे जात राहते आणि स्वर षड्जापासून जितका दूर तितकी ती वळते. षड्जावर परतली की सरळ होते. विस्तार संपेपर्यंत पडद्यावर त्या आलापाची स्वतःची आकृती तयार झालेली असते. मंद्र_षड्ज यांच्या धक्क्याच्या तत्त्वाचेच हे दुसरे रूप आहे असे मला वाटते, कारण येथेही संगीत स्थान ठरवत नाही, स्थान कसे बदलावे एवढेच ठरवते.

एकल स्वर नसेल, म्हणजे ऑर्गन किंवा तंतुवाद्यांचा समूह असेल, तर वर्णपटाचा गुरुत्वमध्य उपयोगी पडतो. प्रत्येक खान्याच्या वारंवारतेला त्याच्या ऊर्जेचे वजन देऊन काढलेली ही सरासरी आवाजाचा उजळपणा दाखवते. स्वर तोच राहिला आणि वादकाने गजावरचा दाब वाढवला तरी ती वर जाते, जे तीव्रतेवरून तितकेसे कळत नाही. ती प्रकाशाच्या उबदारपणाला जोडली तर फार नैसर्गिक वाटते. मात्र ती अतिशय संथ करावी. संथ संगीतात सेकंदाच्या आत काहीही बदलू देऊ नये असे माझे ठाम मत आहे.

---

मंद्र_षड्ज

बिंदुरेषा, वक्रतेची कल्पना मला सुचली नव्हती आणि ती धक्क्याच्या तत्त्वापेक्षा व्यापक आहे. आपण म्हणता तेच खरे सूत्र असावे : संगीत बदलाचा दर देते, आणि आजवरचा इतिहास आकार स्वतः साठवतो.

---

शांत_वाचक

आपणा सर्वांना एक विनंती आहे. पडदा संपूर्ण उजळणे आणि विझणे हा प्रतिसादाचा सर्वांत सोपा प्रकार असल्याने तो सगळीकडे दिसतो, आणि तो धोकादायक ठरू शकतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी प्रसारित झालेल्या एका कार्टून मालिकेच्या भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून आले आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, प्रामुख्याने मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नसावेत असे सांगितले आहे, आणि गडद लाल रंगाचा तेथे वेगळा विचार केलेला आहे.

१२० च्या लयीत ठोक्यागणिक एक लखलखाट म्हणजे सेकंदाला दोन, येथपर्यंत ठीक आहे. पण हाय हॅट (ड्रमसंचातली झांजांची जोडी) ठोक्याला चार वेळा वाजत असेल आणि उजेड तिला जोडलेला असेल तर तो आकडा आठवर जातो. म्हणून संपूर्ण पडद्याच्या उजेडावर शेवटी एक स्वतंत्र रोध ठेवावा, जो संगीत काहीही असले तरी सेकंदाला तीनपेक्षा जास्त चढउतार होऊ देणार नाही. जलद आघात लहान आकारांच्या हालचालीत दाखवावेत. ज्यांनी आपल्या यंत्रावर ‘कमी हालचाल’ ही निवड केली आहे त्यांना ब्राउझर ते कळवतो. त्यांच्यासाठी फक्त संथ मूल्यांवर चालणारे रूप द्यावे.

---

छायाप्रकाश

हा रोध सर्वांनी घालावाच. तो दृश्याचा दर्जाही सुधारतो, कारण उजेडाचा आधार काढून घेतला की हालचालीचा विचार करावाच लागतो.

---

कोवळे_ऊन

मी शेडरमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणाऱ्या ग्राफिक्सच्या कार्यक्रमांत, नवखी आहे. पट्ट्यांची मूल्ये शेडरला देता येतात हे कळले, पण शेडर प्रत्येक फ्रेम नव्याने काढतो, त्याला मागचे काही आठवत नाही. मग स्प्रिंगचा वेग किंवा बिंदुरेषा ताईंनी सांगितलेला इतिहास कोठे ठेवावा?

---

बिंदुरेषा

मोजके आकार असतील तर स्प्रिंगची स्थिती जावास्क्रिप्टमध्येच ठेव आणि शेडरला फक्त तयार स्थान दे. हजारो बिंदू असतील तर स्थान आणि वेग एका टेक्स्चरमध्ये (शेडरला वाचता येणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यात) लिहावे लागतात आणि पुढच्या फ्रेमला तेच टेक्स्चर वाचावे लागते. एकाच टेक्स्चरवर एकाच वेळी वाचता आणि लिहिता येत नाही, म्हणून दोन ठेवून आलटून पालटून वापरतात. मिल्कड्रॉपचा मागच्या फ्रेमला किंचित ताणून तिच्यावर नवी काढण्याचा प्रकारही याच मार्गाने साधतो.

इतिहासासाठी मात्र एक फार सोपी युक्ती आहे. शेडरटॉय या शेडर लिहून पाहण्याच्या संकेतस्थळावर ध्वनीचे टेक्स्चर ५१२ रुंद आणि फक्त २ ओळींचे असते : एक ओळ वर्णपटाची, दुसरी तरंगाची. तू स्वतःचे टेक्स्चर २५६ ओळींचे कर. प्रत्येक फ्रेमला वर्णपट पुढच्या ओळीत लिही आणि शेवट आला की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू कर. ६० फ्रेमच्या हिशेबाने मागचे सव्वाचार सेकंद शेडरला कायम उपलब्ध राहतात. मग पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूचे केंद्रापासूनचे अंतर मोज, आणि जितके अंतर जास्त तितकी जुनी ओळ वाच. केंद्रात आता वाजलेला आघात दिसेल आणि तो वलय होऊन बाहेर जाईल. कोन वारंवारतेला जोडलास तर प्रत्येक पट्ट्याची वलये आपापल्या दिशेने जातील. शेडरला काही आठवावे लागत नाही आणि स्प्रिंगही लागत नाही. १२० आणि १४४ हर्ट्झच्या पडद्यांवर वलयांचा वेग बदलू नये म्हणून ओळ फ्रेमगणिक न लिहिता छायाप्रकाश यांनी सांगितल्याप्रमाणे वेळ मोजून, दर १६ मिलिसेकंदांनी लिही.